डोळ्यातलं पांढरं

तलासरीच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालो त्याच आठवड्यात मी कॅमेरा घेतला, आणि महिन्याभरात मला फोटोग्राफीतलं सगळं कळतं असा माझा समज झाला. स्वभावच तसा. कचेरीतही मी साहेबांना शिकवायचो. साहेब बदलत गेले, मी शिकवत राहिलो. बायको म्हणायची, तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याच्या अर्जात चूक काढाल. मी म्हणायचो, असेल चूक तर काढणारच.

पहिलं वर्ष डहाणूच्या आसपास दिसेल त्याचे फोटो काढले. नरपडच्या वाडीत चिकूंवर पाणी मारून काढले. धाकटी डहाणूला बांबूवर वाळत घातलेले बोंबील सूर्य त्यांच्या मागे ठेवून काढले, तसं केलं की उजेड त्यांच्यातून आरपार येतो. वेवजीला एक म्हातारे शेतकरी आहेत, काविळीवर झाडपाल्याचं औषध देतात. त्यांना अंगणात बसवलं आणि शेजारी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायला लावला, म्हणजे सावलीतला गालही उजळतो. तो तुकडा बायकोने धरला होता. हात दुखले तरी बोलली नाही, घरी आल्यावर बोलली.

बाजारात मात्र माणसं तोंड फिरवायची. तलासरीच्या आठवडी बाजारात एक बाई अंगावरच धावून आली, तिची काही चूक नव्हती. मला तर चेहऱ्यांचाच नाद लागला होता. चिकू हलत नाही, बोलत नाही, पण चिकूचा कंटाळा येतो. एकच चेहरा, एकच खिडकी, आणि दर वेळी उजेड वेगळा, असा प्रयोग मला करायचा होता. त्यासाठी रोजच्या हक्काचं माणूस लागतं. ते घरातच होतं.

दर रविवारी सकाळी दहा वाजता ती पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची. खिडकीच्या गजांवर मी माझं जुनं पांढरं धोतर बांधायचो, ऊन गाळून येतं. ती हातात भाजी घेऊन यायची, बसल्या बसल्या निवडीन म्हणून. मी भाजी काढून घ्यायचो. नाशिकला आमची मुलगी असते, तिला ती फोनवर सांगायची की बसते मी आपली, तेवढा वेळ तरी हे शेजाऱ्यांशी भांडत नाहीत. शेजाऱ्यांशी नव्हतो भांडत, तिच्याशी भांडत होतो. मान खाली घालू नकोस, पापणी मिटू नकोस, हसू नकोस, आता एवढी गंभीर का झालीस. तिने कधीतरी स्टूल सोडून उठून जायला हवं होतं, असं आता वाटतं.

संक्रांत झाली आणि पुढच्या रविवारी फोटो पिवळे आले. चेहरा पिवळा, हात पिवळे. मी हसलो. म्हटलं, हळदीकुंकवाला किती घरं फिरलीस, हळद उतरत नाहीये. ती पण हसली. पुढच्या रविवारी हळद नव्हती आणि चेहरा पुन्हा पिवळा. मग मी कामाला लागलो. दारावरचा केशरी पडदा काढला. छताचा दिवा बदलून पांढऱ्या उजेडाचा आणला. शेवटी दिवा बंदच ठेवला, फक्त खिडकीवर काम केलं. फरक पडेना. माझं डोकं फिरायला लागलं.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. कॅमेऱ्यातला मूळ फोटो लॅपटॉपवर घेतला की रंग सुधारता येतात. त्यासाठी एक ड्रॉपर असतो. फोटोत जी वस्तू खरोखर पांढरी आहे तिच्यावर तो टेकवायचा, म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं की हे पांढरं, आणि त्या हिशेबाने ते बाकीचे सगळे रंग लावून घेतं. मी ड्रॉपर तिच्या मागच्या भिंतीवर टेकवला. दिवाळीला चुना दिलेली भिंत, पांढरी सफेत. भिंत पांढरी राहिली आणि बायको पिवळी राहिली.

कोणीही साधा माणूस इथे थांबला असता. मी थांबलो नाही. मी ठरवलं, चुना भेसळीचा आहे. मग ड्रॉपर तिच्या डोळ्यातल्या पांढऱ्यावर टेकवला. माणसाच्या डोळ्यातलं पांढरं ते पांढरंच असणार, त्यात काय शंका. क्षणात चेहरा सुधारला, अगदी तिचा नेहमीचा गव्हाळ रंग आला. मागची भिंत मात्र निळी झाली. पांढरी साडी निळी, धोतर निळं. मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या आणि भिंत वेगळी निवडून तिचा निळा काढला, साडीचा काढला. दोन तास गेले. पण असा फोटो झाला की मी स्वतःवरच खूश. आमचा हौशी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे टाकला. त्वचेचा रंग काय नैसर्गिक आलाय, असं चार जणांनी लिहिलं.

त्या रविवारपासून हीच माझी रीत झाली. दर आठवड्याला पिवळा जास्त यायचा, दर आठवड्याला मी तो जास्त काढायचो. हात बसला माझा त्यात.

बाकीचंही सगळं माझ्या डोळ्यादेखत चाललं होतं. ती सारखी हात खाजवायची. खिडकीचा उजेड कमी असला की फोटोला वेळ जास्त लागतो, तेवढा वेळ माणसाने हलायचं नसतं, आणि ही नेमकी तेव्हाच कोपर खाजवायची. किती फोटो हलले तिच्यापायी. मी ओरडायचो. ती म्हणायची, अंगाला खाज सुटते हो, पाणी बदललंय की काय कोण जाणे. मी म्हणायचो, दोन मिनिटं दम धर. ती हाताच्या मुठी आवळून बसायची. तशा आवळलेल्या मुठींचे फोटो आहेत माझ्याकडे, छान आलेत.

जेवण कमी झालं होतं. सुके बोंबील म्हणजे तिचा जीव की प्राण, तेसुद्धा नको म्हणायला लागली. गालाची हाडं वर आली. बाजूने उजेड पडला की गालाचं हाड काय सुंदर दिसतं, हे मी तिला बोललो. म्हटलं, आता कुठे तुझा चेहरा फोटोला तयार झाला. ती लाजली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तिच्या चेहऱ्याबद्दल चांगलं बोललो, ते हे.

एकदा लॅपटॉपसमोर माझ्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर मूळ फोटो होता, अजून हात न लावलेला. बराच वेळ बघत राहिली.

"अहो, मी खरंच अशी पिवळी दिसते का?"

"दिसत नाहीस, येतेस," मी म्हटलं. "दिसणं वेगळं आणि फोटोत येणं वेगळं. तुला नाही कळायचं त्यातलं."

तिने मान डोलावली आणि आत गेली. मी सांगितलं म्हणजे तसंच असणार, हा तिचा विश्वास. आरशात तिने पाहिलं नसेल का? पाहिलं असेलही. पण घरात मी एवढा जाणकार बसलेला.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. मला म्हणाली, बाबा, आईचा आवाज दमलेला वाटतो, मी दोन दिवस येऊन जाऊ का? मी म्हटलं, काही झालेलं नाही, उगाच धावपळ करू नकोस, थांब, तुला फोटोच पाठवतो. आणि त्या रविवारचा तयार फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं की आई किती छान दिसतेय, बारीकही झालीय, मग आता मुलाच्या परीक्षा संपल्या की येते. तो मेसेज मी बायकोला वाचून दाखवला. दोघांनाही बरं वाटलं.

होळीच्या दोन दिवस आधी मागच्या दारी धाकटी डहाणूची मासळीवाली आली. वर्षानुवर्षं आमच्याकडे येते, दोन महिने लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बायको पायरीवर उन्हात बसली, मासळीवालीने टोपली उतरवली, वर बघितलं, आणि हात तसाच राहिला.

"बाय, डोले कवाशी पिवले झाले तुजे?"

मी आत चहा पीत होतो. ऐकलं आणि बाहेर आलो, तिला सांगायला, की उन्हाचा दोष आहे. खरं सांगतो, तेच सांगायला आलो होतो. आणि मग बायकोने माझ्याकडे वर बघितलं. मध्ये कॅमेरा नव्हता, काही नव्हतं. डोळ्यात पांढरं म्हणून उरलंच नव्हतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी खालची पापणी ओढली आणि लगेच सोडली. नुसती कावीळ असेल म्हणाले, पण बोलताना माझ्याकडे बघेनात. वापीला सोनोग्राफी झाली, मग आणखी तपासण्या झाल्या. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती आणि तिथून ती यकृतात गेली होती. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, दीड-दोन महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर मी जगलो असतो. हो म्हणाले असते तरी काहीतरी एक झालं असतं. सांगता येत नाही हे ऐकून माणसाने काय करायचं?

माणूस बुडायला लागला की काय करतो, ते मी केलं. झाडपाल्याला आयुष्यभर हसणारा मी, मोटरसायकल काढून वेवजीला त्या म्हाताऱ्यांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं, बसायला बाज दिली, थर्माकोल धरणाऱ्या बाई कशा आहेत म्हणून विचारलं. त्यांच्यासाठीच आलो, म्हटलं. पिवळेपणा कधीपासून, असं त्यांनी विचारलं, आणि तोंडातून निघून गेलं, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारपासून. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. इतकं नेमकं ठाऊक आणि एवढे दिवस घरात बसलात, असं काही ते म्हणाले नाहीत. हे आपल्या मुळीचं काम नाही, मोठ्या दवाखान्यातच ठेवा, एवढंच बोलले. जाताना अंगणातल्या दोन पपया दिल्या.

त्या दिवशी घरी आलो आणि मूळ फोटो उघडले, एकाही रंगाला हात न लावलेले, ओळीने. प्रत्येकावर तारीख. पहिल्यात डोळ्यांच्या कोपऱ्यात जरासा पिवळा. पुढच्यात जास्त. त्याच्या पुढच्यात जास्त. आठ रविवार. कुठल्याही डॉक्टरने मागितली नसती इतकी व्यवस्थित नोंद मी करून ठेवली होती. आणि प्रत्येक फोटोपाठोपाठ माझा सुधारलेला, त्यात ती ठणठणीत. चुना भेसळीचा नव्हता. भिंत पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.

बायकोला मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. मुलगी आली ती शेवटपर्यंत राहिली. खाज इतकी वाढली होती की दोघं आळीपाळीने तिच्या पाठीवरून ओला पंचा फिरवायचो. आता खाजव गं हवं तितकं, असं मी एकदा म्हटलं आणि मलाच रडू फुटलं. तिला वाटलं, मी दमलो. जरा पडा जाऊन, म्हणाली. श्रावणात गेली.

तेराव्याच्या आधी मुलीने फोटो मागितला, मोठा करून लावायला. म्हणाली, तुम्ही मला पाठवलेला होता ना, तोच द्या, त्यात आई फार छान दिसते. देऊन टाकला असता तर संपलं होतं. कोणाला काही कळलं नसतं. मी लॅपटॉप उघडला आणि तिच्यासमोर त्याच फोटोची मूळ फाइल काढली. ड्रॉपरचं, भिंतीचं, डोळ्यातल्या पांढऱ्याचं, सगळं सांगितलं.

तिने तिचा फोन काढला, मी पाठवलेला फोटो उघडला आणि लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरला. तीच आई, तीच साडी, त्याच आवळलेल्या मुठी. बराच वेळ ती या फोटोकडून त्या फोटोकडे बघत होती.

"मी आले असते, बाबा," ती म्हणाली.

ओरडली नाही, रडलीही नाही. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिने मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतली, स्टेशनजवळच्या लॅबमध्ये स्वतः गेली आणि लॅबवाल्याला बजावून आली की एकाही रंगाला हात लावायचा नाही. फ्रेम करून आणली आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली, मी जेवायला बसतो तिथून समोर दिसेल अशी. मग नाशिकला गेली. दर रविवारी फोन करते, माझी तब्येत विचारते, फोटो पाठवा असं कधी म्हणत नाही. दर वेळी व्हिडिओ कॉल लावायला सांगते आणि मला खिडकीपाशी जाऊन उजेडात उभं राहायला सांगते.

परवा कचेरीतला एक जुना सोबती आला होता. हार बघितला, हात जोडले, मग जवळ जाऊन नीट बघू लागला. त्याला राहवेना. म्हणाला, अहो, तुम्ही एवढे फोटोग्राफर, आणि वहिनींचा फोटो असा पिवळा कसा लावलात, जरा रंग नीट करून लावायचा.

"रंग बरोबर आहे," मी म्हटलं.