दासी नावाच्या मशीनवरून आलेला निरोप

आधीच सांगतो, मी वायरचा माणूस. दोन टोकं जोडलेली असली की पलीकडे काहीतरी पोचतं, नसली की पोचत नाही... बस्स. भूतबीत, संकेतबिंकेत यांची मी टिंगलच करत आलो. बायको म्हणते, अजूनही करतो.

साल नव्व्याण्णव. पेणला माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम होतं. राऊटर हा शब्द तेव्हा आमच्या गावीही नव्हता. एका कॉम्प्युटरला मोडेम लावायचा, मोडेमला टेलिफोनची वायर, आणि घरातले बाकीचे कॉम्प्युटर त्याच्यातून बाहेर, म्हणजे इंटरनेटवर, जायचे. कोणाला बाहेर सोडायचं आणि कोणाला नाही, हे त्या एका मशीनवर ठरवता यायचं.

पेणमध्येच एका खडी-वाळूच्या कंत्राटदाराकडे मी असं नेटवर्क केलं. वर ऑफिसात त्याचा कॉम्प्युटर, खाली स्वयंपाकघराशेजारी त्याच्या बायकोचा — पत्रं टाईप करायला. प्रत्येक मशीनला नाव द्यावं लागतं. मी विचारलं, "दादा, वहिनींच्या मशीनला काय देऊ?"

"दासी टाक," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो आणि टाकलं. सुषमा वहिनी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"आणि हिला बाहेरचं काय दिसता नये. माहेरचं लय याड हाय हिला."

तेही केलं. निघताना वहिनींनी दारात हळूच विचारलं, "भाऊ, रोह्याला माझ्या भावाच्या कंपनीत यातून एक चिठ्ठी जाईल का? फोनला कुलूप असतं."

"दादांना विचारा," मी म्हणालो. पाच मिनिटांचं काम होतं. पण गिऱ्हाईक मोठं, उगाच कोण वाईट होणार... असा मी.

दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, रोह्याला वहिनींच्या माहेरीच काम निघालं. जावयाकडे ज्याने केलं त्यालाच बोलवा, म्हणून तिच्या वडिलांनी मला बोलावलं. मुलगा कंपनीत, पहिल्या शिफ्टला. घरात वहिनींचे वडील नाना आणि आई, म्हणजे काकू. दोन कॉम्प्युटर जोडायचे होते. एक चालू केला होता, दुसरा अजून खोक्यात. मोडेम टेबलावर नुसता पडलेला, आणि टेलिफोनची वायर सोलत मी खाली बसलेलो. बाराला पाच-दहा मिनिटं असतील.

स्क्रीनवर चिठ्ठीची चौकट उघडली. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर निरोप पाठवायची तेव्हा सोय असायची, ती. पाठवणारी : दासी. खाली इंग्रजी अक्षरांत — आई, येते.

माझ्या हातातली वायर कुठेच जोडलेली नव्हती. ते नाव रोह्यात मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

नानांनी चष्मा लावून वाचलं. "अगो, सुषमा येते म्हणते." मग मला, "ह्यां दासी काय रे?"

"मशीनचं नाव असतं, नाना."

दोन वर्षांत पोरगी माहेरी आली नव्हती. काकू बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला बसल्या. नाना दुपारच्या गाडीला स्टेशनवर जाऊन एकटेच परत आले. "गाडी चुकली असंल तिची, मागच्या गाडीनं येल," काकू म्हणाल्या आणि तिच्यासाठी घेतलेलं ताट माझ्यापुढे सारलं. मला कळत होतं की असा निरोप येणंच शक्य नाही. तरी मी जेवलो. बिरडं झकास झालं होतं, दोनदा घेतलं.

तीनच्या सुमारास पेणहून तिचा शेजारी मोटारसायकलवर आला. बाराच्या दरम्यान स्टोव्ह भडकला म्हणे. दवाखान्यात न्यायच्या आधीच वहिनी गेल्या होत्या.

त्या घरात गॅस होता. स्टोव्ह मी कधी पाहिला नव्हता. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. याची लाज वाटते, पण तेव्हा भीतीच जास्त वाटली.

तो निरोप कसा आला? पंचवीस वर्षं मी जाणत्या लोकांना विचारतोय. कोणी म्हणतं आधीचं काही डिस्कवर राहिलं असेल. मशीन कोरं होतं, विंडोज मीच त्याच दिवशी भरलं होतं.

तेराव्याला रोह्याला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आपल्यात घरातनं निघताना जाते म्हणत नायत रे, येते म्हणतात. ती निघाली म्हणून सांगत होती. मी येडी वाल सोलत बसले."

मग त्यांनी विचारलं, "दोन महिने ता मशीन व्हतं ना तिच्याकडं? मग आधी एक चिठ्ठी का नाय धाडली?"

"वेळ मिळत नसेल त्यांना, काकू," मी म्हणालो.

"व्हय. विसरलीच असंल आम्हांला."

मी मान डोलावली.