झिऱ्याची ओंजळ

बिरसा गावाजवळच्या जंगलात तोडायच्या झाडांवर हातोड्याने शिक्का मारायची माझी नोकरी होती. तिथल्या झिऱ्यावर दर उन्हाळ्यात खालच्या गावचा एक म्हातारा शेतकरी दोन दिवस चालत यायचा. चपला लांब काढायचा, झिऱ्यातला पाला उपसायचा आणि पहिली ओंजळ झिऱ्यालाच परत द्यायचा.

भोवतीच्या सरईच्या झाडांवर मी शिक्के मारत होतो, तेव्हा तो म्हणाला, "सायेब, आमची नदी इथूनच निघते. हे झाडं गेले तं पान्याले कोन धरून ठेवन?"

मी हुकुमाचा कागद दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात नुसते खुंट होते, झिरा कोरडा. त्याने चपला काढल्या, पाला उपसला. मग घरून आणलेल्या तुंब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि झिऱ्याला दिलं.