झाडांच्या दोन ओळी

सकाळी तळ्यावर दाट धुकं होतं. व्हर्नाने टपालाच्या पिशव्या गाडीत टाकल्या, बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं म्हणून काच उघडी ठेवली, पट्टा लावला नाही, आणि गोठलेल्या तळ्यावरून बेटाकडे निघाली. नाताळानंतर टाकून दिलेली झाडं इथे रस्त्याची खूण म्हणून बर्फात रोवतात. त्या ओळीच्या कडेने ती सव्वीस हिवाळे गाडी हाकत होती.

आज ओळी दोन दिसल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. रस्ता हलवला असेल, तर जुन्या ओळीजवळ बर्फ कच्चा असणार. पण जुनी कुठली?

"थांबलीस का गं?" शेजारच्या सीटवर बसून बेटावर निघालेली डोलोरेस करवादली. "बहीण जेवायची खोळंबलीय माझी."

"कुठून जाऊ, तेच कळेना."

"आणि सव्वीस वर्षं मिरवतेस!"

व्हर्नाने उतरून दोन्हीकडे पहार ठोकली. दोन्हीकडे बर्फ घट्ट. ती आणखीच गोंधळली. तेवढ्यात रस्ता राखणारा हॉलिस खांद्यावर झाड घेऊन धुक्यातून आला.

"मधोमध काय उभी राहिलीस, बाई?"

"खरा रस्ता कुठला, ते सांग आधी!"

"उभी आहेस तोच. धुक्यात कुणी गोंधळू नये म्हणून काल दुसऱ्या बाजूलाही झाडं लावली."

डोलोरेस खो खो हसत सुटली. व्हर्नाने हॉलिसला एक शिवी हासडली, त्याचं टपाल शोधून त्याच्या हातात कोंबलं आणि पुढच्या घरांची पाकिटं लावायला घेतली.