माशांच्या शिडीचं तोंड

तलवाड्याच्या पुढं गोदावरीवरचा बंधारा माशांना चढून जाता यावा, म्हणून त्याला शिडी आखायचं काम माझ्याकडं आलं. तेव्हा मी बंधाऱ्याजवळच्या क्वार्टरमध्ये एकटाच राहत होतो. बायको अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायची. आमचं भांडण झालं होतं आणि आधी फोन कुणी करायचा, यावर दोघंही अडून बसलो होतो.

मापं मी उन्हाळ्यातच, कोरड्या पात्रात टेप लावून घेतली होती. नकाशा देखणा झाला: सिमेंटच्या पायऱ्या, पायरीपायरीला पाण्याचं टाकं. पावसाळ्यात तो नदीवरच्या एका म्हाताऱ्या भोयाला दाखवला. त्यानं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. धोतर खोचून पाण्यात उतरला, पोटऱ्यांनी ओढ चाचपली आणि म्हणाला, "सायेब, मासा ओढीकडं तोंड करून चढतो. तुमच्या शिडीपाशी पानी निजलंय. तिकडं काहून येईल तो?"

मला राग आला. एवढं शिकून शेवटी अक्कल याच्या पोटऱ्यांकडून घ्यायची! पण त्यानं दाखवलेल्या दुसऱ्या टोकाला मासे खरोखरच भिंतीवर उड्या मारत होते, आपटत होते, पुन्हा मारत होते. मी मुकाट्यानं नकाशात शिडीचं तोंड तिकडं वळवलं.

निघताना भोयानं विचारलं, "आज रविवार हाय. घरी न्हाई गेलात?"

"काम लई आहे," मी म्हणालो.

तो गेला. मी तिथंच बसून माशांची धडपड बघत राहिलो. अंबाजोगाईच्या रस्त्यावर तर एकही बंधारा नव्हता.