तीन पंख्यांचा रुबाब आणि माझी मच्छरदाणी

आज जिंकले! सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा आमचा घरातच स्टुडिओ आहे, मी आणि माझे दीर मिळून चालवतो. प्रोसेसर गार ठेवायला दोघांकडे लिक्विड कूलर. माझा दोन पंख्यांचा, भाऊजींनी इंदूरहून आणलेला तीन पंख्यांचा. "वहिनी, आपल्या बुऱ्हानपूरच्या गर्मीत तुमचा खिलौना टिकेगा क्या?" हे रोजचंच.

आज भरदुपारी पैज लागली. एकच लग्न दोन्ही मशीनवर रेंडरला, म्हणजे फायनल व्हिडिओ बनवायला लावलं. माझा प्रोसेसर पंच्याहत्तर डिग्रीवर शांत. त्यांचा पंच्याण्णववर जाऊन रखडला, नवरी मंडपातच अडकली!

त्यांच्या कॅबिनेटची पुढची जाळी काढली, तर पंख्यांमागच्या रेडिएटरवर रुईची अख्खी गोधडी! शेजारी पावरलूम, दिवसभर रुई उडते. मी पहिल्याच दिवशी माझ्या कॅबिनेटच्या पुढे मच्छरदाणीचा तुकडा लावला होता, दर रविवारी धुते. तेव्हा भाऊजी हसले होते, "कॉम्प्युटरला मच्छर चावतात का?"

खरं सांगा, कूलर घेताना तुम्ही पंखे मोजता, की आपल्या गल्लीतली हवा बघता?

पैजेची मावा जिलेबी आली. पुडा माझ्या हातात देताना भाऊजींनी हळूच विचारलं, "वहिनी, मच्छरदाणी उरली आहे का हो?"