शंभर मेगाची लाइन

माझी सारी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात झाली. तिथे 'वॅट' हा शब्द आम्ही सहसा तोंडाने उच्चारतच नव्हतो. 'आज मशीन किती मेगावर आहे?' एवढंच विचारायचं. मेगा म्हटलं की पुढचा वॅट धरलेलाच. पण एखादा नवखा इंजिनिअर किलोवॅट आणि किलोवॅट-अवर यांत घोटाळा करायचा, तेव्हा मी चारचौघांत त्याची बिनपाण्याने करायचो. एकक चुकलं की माणूसच चुकला, असा माझा खाक्या.

निवृत्त झाल्यावर सक्करदऱ्याच्या घरी राहायला आलो. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगी बंगळुरूला. एकट्या माणसाला कामं पुरवून पुरवून वापरावी लागतात, हे मला तेव्हापासून कळलं. आज बँक, उद्या दळण, परवा नळाचा वायसर. दोन कामं एकाच दिवशी उरकली तर दुसरा दिवस खायला उठतो.

म्हणून बायकोच्या शाळेतून फोन आला तेव्हाही मी घाई केली नाही. ती पाचवीला गणित शिकवायची. लॉकडाऊनमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर फळा टेकवून तिने ढीगभर तास रेकॉर्ड केले होते. ते सगळे शाळेने दिलेल्या अकाउंटवर, इंटरनेटवर पडून होते. तिच्या मैत्रिणीने, शाळेतल्याच बाईंनी, सांगितलं, "भाऊजी, जुने अकाउंट शुक्रवारी संध्याकाळी सहाले बंद होऊन राहिले. काही ठेवायचं असन तर काढून घ्या."

ठेवायचं होतं. तिचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठेच नव्हता. लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागली होती, आणि रोज घरात बोलणाऱ्या बायकोला रेकॉर्ड करून ठेवावं, असं कोणत्या नवऱ्याला सुचतं?

सीताबर्डीच्या बाजारातून एक हार्ड डिस्क आणली. तिच्या खोक्यावर सेकंदाला पाच गिगा लिहिलं होतं. घरची इंटरनेटची लाइन शंभर मेगाची. बायकोचे तास भरले ऐंशी गिगा, म्हणजे ऐंशी हजार मेगा. भागिले शंभर. आठशे सेकंद, पाव तासाच्या आतलं काम. मेगाला मेगा जुळला आणि मी निश्चिंत झालो. शुक्रवारचं काम म्हणून ते राखून ठेवलं, दुपारचा चहा झाल्यावर करायला.

पाच वाजता तिचा लॅपटॉप उघडला, सगळं निवडलं आणि उतरवायला लावलं. पडद्यावर उरलेली वेळ आली: पावणेदोन तास. वेग दाखवत होता सेकंदाला बारा. माझं डोकंच फिरलं. मुलीला फोन लावला.

"मी मीटिंगमध्ये आहो बाबा, लवकर सांगा."

"हे कंपनीवाले चोर आहेत. शंभरचे पैसे घेते अन् बारा देऊन राहिले!"

"बाराच येईन न. ते शंभर मेगाबिट आहे. लाइन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. आठानं भागा."

मी डिस्कचं खोकं उलटं करून पाहिलं. तिथेही ते पाच गिगा बिटच होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"काय उतरवून राहिले पण?"

"तुह्या आईचे तास. सहाले बंद होते."

ती म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं बाबा? आता सगळं नाही येणार. निवडा." मागून कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

काय निवडायचं? अपूर्णांक? परिमिती? त्या प्रत्येक तासात ती पोरांशी बोलत होती, आणि छान बोलत होती. खाली एक वेगळा कप्पा होता. त्याला तिने नाव दिलं होतं 'बिघडलेले'. ते का बिघडले हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांतले बहुतेक मीच बिघडवले होते. चालू असलेलं सगळं मी थांबवलं आणि तेवढा कप्पा आधी लावला.

तो पूर्ण आला. त्याच्यामागून अपूर्णांकाचे थोडे तास आले. सहा वाजले तसा पडदा पांढरा झाला आणि पासवर्ड मागू लागला. बाकी सगळं गेलं. मी रडलो, हे लिहायला मला लाज नाही.

आता जेवताना एखादा बिघडलेला तास लावतो. ती फळ्याकडे वळते, 'तर मुलांनो' म्हणते, तेवढ्यात आत माझा मिक्सर सुरू होतो, नाहीतर मी शिंकतो, नाहीतर फोनवर ओरडत असतो. ती खडू खाली ठेवते आणि कॅमेऱ्याच्या बाजूला बघते. "अहो, दहा मिनिटं तरी चूप बसा न! या घरात एक तास धड होत नाही." मी घास तसाच हातात धरून थांबतो. घरात कुठेच आवाज नसतो. आता तिचं अख्खं पुस्तक एका दमात रेकॉर्ड झालं असतं.