बागेची रुंदी

लग्न ठरवताना मी दहावी पास आहे असं सांगितलं गेलं होतं. सांगितलं चुलत्यांनी, मी नुसता शेजारी मान खाली घालून बसलो होतो, आणि ती मान मुलीकडच्यांना विनयाची वाटली. प्रत्यक्षात मी नववीतूनच शाळेला रामराम ठोकलेला. मुलगी शेवगावकडची, दहावीला पहिल्या वर्गात आलेली. तिला पुढं शिकून मास्तरीण व्हायचं होतं. तिच्या वडिलांनी तिची समजूत घातली, की पोरगा मॅट्रिक आहे, शिकलेल्याच्या घरात पडलीस तर पुढचंही होईल. हे मला लग्नानंतर कळलं. कळल्यावर खरं सांगून टाकायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत चार वर्षं गेली.

आमचं घर शनीच्या शिंगणापुरातलं, म्हणजे बिनदाराचं. चौकटीला पडदा, बस. गावातल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. येणारा बाहेर उभा राहून हाक मारतो, आतून ओ आली की मगच पडदा सरतो, आणि आत जे दिसलं त्याची बाहेर वाच्यता करत नाही. कडीकुलपाचं काम ह्या रिवाजावर भागतं. पण ज्याला काही लपवायचं आहे त्याची अशा घरात फार पंचाईत होते. मी लपवण्यात तरबेज आहे असा माझा समज होता.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी शेजारच्या गावातल्या दूध डेअरीत कामाला होतो. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, फॅट काढायची, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवून भावाचा आकडा लिहायचा. डोळ्याला काहीही वाटो, तक्ता म्हणेल ते खरं. सुरुवातीला मी एकदोनदा अंदाजानं आकडा लिहिला होता आणि चेअरमनच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून माझा अंदाज आणि भिंतीवरचा कागद ह्यांत फरक पडला की मी मुकाट्यानं कागदाच्या बाजूला जायचो.

डेअरीचे सेक्रेटरी म्हातारे झाले. त्यांची जागा मला द्यायची असं चेअरमनच्या मनात होतं. मात्र त्या जागेला दहावीचं सर्टिफिकेट लागत होतं, आणि ते दाखव म्हणताच माझं पितळ उघडं पडलं. चेअरमननं मला बाजूला घेतलं.

"येड्या, आधी सांगायचं न्हाईस व्हय? सतरा नंबरचा फॉर्म भर अन् मार्चला बसून टाक. तवर जागा मी धरून ठिवतो."

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. मी तो गुपचूप भरला. बाकीच्या विषयांचं मला फारसं भय नव्हतं, इतिहास-भूगोल रेटून नेता येतो. गणित मात्र येईना. दुधाचे आकडे मी तोंडी करायचो, पण क्ष आला की माझं डोकं बंद पडायचं.

दुपारी बारा ते चार डेअरी बंद असायची. त्या वेळात बायको नळावर किंवा रानात गेली की मी पडवीत बसून गणितं सोडवायचो आणि वही कडब्याच्या पेंढ्यांमागं सारायचो. कोणी हाक मारली तर "डेअरीचं लिहितोय" म्हणायचो. दाढीमिशावाला बाप्या, पोर अंगणवाडीत जाणारं, आणि मी चोरून अवयव पाडत बसलेला. मला माझीच लाज वाटायची.

एक दिवस वही उघडली तर आदल्या दिवशीच्या गणितात एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ. मी उणे चिन्ह बाजू बदलताना तसंच ठेवलं होतं, नेमकं तिथंच. शेजारी बारीक अक्षरात बरोबर ओळ लिहिलेली. अक्षर बायकोचं.

संध्याकाळी तिनं भाकरी वाढली, कालवणात मीठ कमी आहे का विचारलं, पोराच्या सर्दीचं सांगितलं. वहीचं अवाक्षर नाही. मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सोडवलं आणि वही पुन्हा कडब्यात सारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा रेघ.

असं कितीतरी आठवडे चाललं. एका पडद्याआड राहणारी, एका ताटलीत शेंगदाणे खाणारी दोन माणसं, आणि गणिताबद्दल जे काही बोलायचं ते वहीत. मी चुकायचो, ती रेघ मारायची, मी माझं खोडून तिचं लिहायचो. हळूहळू रेघा कमी झाल्या. पण सवय अशी लागली, की माझ्या उत्तराशेजारी दुसरं उत्तर दिसलं की माझं ते चूकच असणार. शेवटी एका गणितात अडलो तेव्हा मीच वहीत लिहिलं, "हे कसं?" त्या दिवशी ती पदराला हात पुसत येऊन समोर बसली.

"आना हिकडं. लिहून किती सांगू?"

"तुला कधी कळलं?" मी खाली बघूनच विचारलं.

"लगीन झाल्यावर आठ दिसांत. मी पायथागोरस म्हनलं, तर तुमी देवाचं नाव घेतल्यागत गप झाल्ता. हात जोडायचे तेवढे राह्यले."

ती हसली. मला हसता आलं नाही. चार वर्षं तिला माहीत होतं आणि चार वर्षं मी तिच्यासमोर मॅट्रिक असल्याच्या तोऱ्यात पेपर वाचत होतो. माफी मागावी असं मनात आलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की हे कर्णाचं कसं करायचं. तिनं अंगणात काटकीनं आयत काढला आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ ओढली.

"ही तिरपी रेघ. दोन्ही बाजूंपेक्षा ती मोठीच असनार. एवढं ध्यानात ठिवा, मग आकडं काय पळून जात न्हाईत."

मार्च आला. केंद्र तालुक्यातल्या एका शाळेत होतं. त्या काळी परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या कुंपणाबाहेर जत्रा भरायची. कोणाचा भाऊ, कोणाचा मामा खिडकीखाली चिठ्ठ्या घेऊन उभा. सुपरवायझर दुसरीकडे बघायचे. माझ्यासाठी कोणी येणार नव्हतं आणि नको होतं. बीजगणिताचा पेपर हातात आला आणि मी चकित झालो, मला येत होतं. एक गणित तर अगदी अंगणातलं. आयताकृती बाग, लांबी रुंदीपेक्षा सात मीटरनं जास्त, कर्ण तेरा मीटर, तर लांबी-रुंदी काढा. मी क्ष धरला, वर्ग केले, अवयव पाडले. रुंदी पाच, लांबी बारा. मला इतका आनंद झाला की मी उत्तराभोवती चौकोन काढला.

तेवढ्यात खिडकीतून चिठ्ठी आली. बाहेर चेअरमनचा माणूस उभा होता. परीक्षेआधी चेअरमन "गणिताचं मी बघतो" म्हणाला होता, ते हे. चिठ्ठीत तीन गणितं सोडवलेली होती आणि तिन्हींची उत्तरं माझ्यापेक्षा वेगळी. बागेची रुंदी बारा, लांबी एकोणीस.

मी किती वेळ दोन्ही कागद बघत होतो ते आठवत नाही. एवढं आठवतं, की मी पडताळा घेतला नाही. चिठ्ठी शिकलेल्या माणसानं लिहिलेली असणार, मी कोण? मी तिन्ही गणितांवर काट मारली, माझ्या चौकोनावरही मारली, आणि चिठ्ठीतलं उतरून काढलं.

घरी आलो तर बायकोनं हात पुढं केला. प्रश्नपत्रिका घेऊन ती तिथंच उंबऱ्याशी बसली. चूल पेटवायची राहिली, पोर रडत होतं, हिचं लक्ष नाही. बागेचं गणित सोडवून झाल्यावर तिनं विचारलं, "तुमचं किती आलं?"

मी तिच्या कागदाकडं पाहिलं. पाच आणि बारा.

"पाच आणि बारा," मी म्हणालो.

आणि हे खोटं नव्हतं, हीच त्यातली सर्वांत वाईट गोष्ट होती. तिचा चेहरा फुलला. उरलेल्या दोन गणितांचंही तसंच झालं, मी माझी खोडलेली उत्तरं सांगत गेलो आणि ती टिकमार्क करत गेली. मग तिनं गुणांची बेरीज केली आणि म्हणाली, "सुटलात तुमी. भूमिती कशीबी जाऊ द्या."

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले, गणित गेलं. चार गुणांनी.

मला वाटलं ती रडेल. ती चिडली, पण माझ्यावर नाही. "बेरीज चुकलीय त्यांची. मी सोता पेपर सोडवलाय, चार गुनांनी जाईलच कसा?" नळावर ती बायकांना सांगायला लागली, की ह्यांचा पेपर नीट तपासला नाही. त्यामुळं ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं की हा इतकी वर्षं बिनदहावीचाच होता. बायका तोंडाला पदर लावून हसल्या असणार. ती ठाम राहिली. तिनं घरातलं आवरून एसटीनं जाऊन गुणपडताळणीचा फॉर्म आणला, स्वतः भरला, माझी नुसती सही घेतली. त्या क्षणी सांगायला हवं होतं, फॉर्म भरू नकोस. मी सही केली. ती पोराला कडेवर घेऊन उन्हात पुन्हा तालुक्याला गेली आणि रांगेत उभी राहून फॉर्म देऊन आली. मी त्या दिवशी डेअरीत दूध मोजत होतो.

महिन्याभरानं पत्र आलं. गुणांत बदल नाही.

तिनं पत्र दोनदा वाचलं. मग कोरा कागद माझ्यापुढं ठेवला आणि बागेचं गणित तोंडी सांगितलं. "सोडवा."

मी सोडवलं. पाच आणि बारा.

"येतंय की तुमाला. मग तितं काय झालं?"

आता पळायला जागा उरली नव्हती. मी चिठ्ठीचं सांगितलं. बारा आणि एकोणीसचंही सांगितलं. ऐकून ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं अगदी हळू विचारलं, "एकोनीस लांबीच्या बागेचा कर्न तेरा? तिरपी रेघ बारकी?"

रोज शेताच्या बांधावरून न जाता तिरपं कापून डेअरीवर जाणारा माणूस मी, मला एवढं दिसू नये?

"लग्नातलं मी पोटात घातलं," ती म्हणाली. "कुनाला कळू दिलं न्हाई, आईलाबी न्हाई. आन् हे मी गावभर सांगत फिरले. नळावर भांडले. त्या शाळेतल्या क्लार्कला म्हनले, माझा मालक खोटं बोलनार न्हाई. घरी येऊन सारं सांगायची, तवा तुमी बसून ऐकत हुता."

मी तिची माफी मागितली. खूप उशिरा मागितली, आणि मागताना मला कळत होतं की ती मी पकडला गेलो म्हणून मागतोय. तिनंही ते ओळखलं असणार. ती उठून पोराला आंघोळ घालायला गेली.

चेअरमननं ऑक्टोबरपर्यंत जागा धरून ठेवली. मी पुन्हा अभ्यासाला बसलो. वही आता लपवायचं कारण नव्हतं, ती उघड्यावर पडवीत पडलेली असायची. पेन्सिलीची रेघ पुन्हा कधी दिसली नाही. चुका माझ्या मलाच शोधाव्या लागल्या, आणि त्या सापडायला लागल्या. ऑक्टोबरात मी चांगल्या गुणांनी पास झालो, सेक्रेटरी झालो, त्या जागेवर पुढं खूप वर्षं काढली. हे सगळं नीटच झालं.

पण ऑक्टोबरातला बीजगणिताचा पेपर झाला तो दिवस माझ्या मनातून जात नाही. ह्या वेळी चिठ्ठी पाठवली तरी घेणार नाही असं मी चेअरमनला आदल्या दिवशीच सांगून आलो होतो. पेपरात मी एकही काट मारली नाही. एसटीतून उतरून जवळजवळ धावत घरी आलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी प्रश्नपत्रिका तिच्यासमोर धरली आणि श्वास घ्यायलाही न थांबता एकेक उत्तर सांगायला लागलो. हे माझं, हे पण माझं, पडताळा घेतलाय, सगळे घेतलेत.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सुपातले खडे वेचत म्हणाली, "आसंल बरुबर. मी न्हाई सोडवनार ह्या टायमाला."